सुनंदा सगळ्याला हो म्हणते

आजारी पडणं ही माझी नोकरी आहे. हे मी पहिल्यांदा मायला फोनवर सांगितलं तेव्हा तिला पुढचं काही ऐकूच आलं नाही. "काय व्हयनं माय तुले? उद्याच घर ये," एवढंच ती म्हणत राहिली. तिला समजावता समजावता माझा रिचार्ज संपत आला. शेवटी तिला कळलं की मला काही झालेलं नाही, झालंय असं दाखवायचं आहे, आणि त्याचे पैसे मिळतात. मग ती म्हणाली, "दुखत नही तरी दुखस म्हनानं, नि त्यान्हा पैसा? शिकेल लोकेस्ना काय नेम शे!"

दिवाळी अंकात 'कामाच्या गोष्टी' लिहिणारे लोक साधारण निवृत्त झालेले असतात. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे लिहिताना मला सारखं वाटतं की कुणीतरी मागे उभं राहून चुका काढतंय. पण माझं काम फारसं कुणाला माहीत नाही, म्हणून ते सांगायचं धाडस करते.

धुळ्यात मी ज्या होस्टेलवर राहते, त्याच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला होता. डॉक्टरांच्या शिक्षणावर चाललेल्या एका संशोधनासाठी गावाकडची बोली बोलणारी माणसं हवीत, असं त्यात होतं. मला वाटलं, काही लिहून घ्यायचं असेल. गेले तर समोर एका मेडिकल कॉलेजातल्या प्राध्यापक बाई बसल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणतो. त्यांनी मला विचारलं, "तुला डोकं दुखल्यासारखं करता येईल का?" मी म्हटलं, "दुखतंच आहे, उन्हातून चालत आले." त्या हसल्या आणि मला कामावर घेतलं.

काम असं. नवीन डॉक्टर, म्हणजे परीक्षा पास होऊन इंटर्नशिप करणारी मुलं-मुली, त्यांना पुस्तकातलं खूप येतं. पण समोर माणूस बसला की त्याच्याशी बोलायचं कसं, हे कुणी बसून शिकवत नाही. मोठ्या डॉक्टरांमागे उभं राहून जे दिसेल ते उचलायचं. मॅडमना शोधायचं होतं की आधी नकली पेशंटबरोबर बोलायचा सराव करून घेतला, तर ही मुलं खऱ्या पेशंटशी बरं बोलतील का. आम्ही ते नकली पेशंट. एका खोलीत टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात कॅमेरा. डॉक्टर येतो, आम्ही आजारी असतो, तो विचारतो, आम्ही सांगतो. कॅमेरा आहे आणि आम्ही नकली आहोत, हे त्यांना माहीत असतं. तरी थोड्या वेळात ते विसरतात. आम्हीही विसरतो.

बाहेरच्याला हे नाटकासारखं वाटेल, पण नाटकात रोज थोडं वेगळं केलं तर चालतं. इथं नाही. दहावा डॉक्टर आला तरी पहिल्यासमोर होतं तेच दुखणं, तेच उत्तर, तीच वेळ साधून मान खाली घालणं. एकाला सोपा पेशंट आणि दुसऱ्याला अवघड, असं झालं तर त्यांची तुलना कशी करणार? हे मला लवकर कळलं. नानांना कळायला वेळ लागला.

नाना म्हणजे माझे सहकारी. निवृत्त एसटी कंडक्टर, राहायला धुळ्यातच, पांढऱ्या मिशा, आवाज असा की शेवटच्या सीटवरचा माणूस दचकावा. त्यांना छातीत धडधडणाऱ्या म्हाताऱ्याची भूमिका होती. पण नानांना साधं 'धडधडतं' म्हणून भागत नसे. प्रत्येक डॉक्टरला ते नवीन कारण सांगत. एके दिवशी मॅडमनी कॅमेऱ्यातलं सगळं पाहिलं आणि त्यांना बोलावलं.

"नाना, सकाळच्या डॉक्टरसमोर तुमची बायको तुम्हाला पथ्याचं करून घालत होती. दुपारच्या डॉक्टरसमोर ती वारली."

"मग दुपारून धडधड वाढणारच ना मॅडम," नाना म्हणाले.

त्या दिवसापासून नानांच्या बायकोला कायमचं जिवंत ठेवण्यात आलं. खऱ्या काकूंना हे कळल्यावर त्यांनी मॅडमसाठी डब्यात कळण्याची पुरी आणि ठेचा पाठवला.

नानांचा आणखी एक किस्सा सांगते. ते बसस्टँडजवळ गाडीवर गरम भजी खात उभे होते. तेवढ्यात सकाळीच त्यांना तपासलेली एक डॉक्टर मुलगी तिथून चालली होती. ती थबकली. "नाना! भजी? आणि वर मिरची?" नानांनी ताट मागे लपवलं आणि कळवळून म्हणाले, "नातवासाठी नेतोय ताई." ती पाच पावलं पुढे गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की नानांना काही झालेलंच नाही. ती परत आली आणि तिनंही भजी घेतली. नाना म्हणतात, कंडक्टरकीत एवढी काळजी कुणी केली नाही.

आता माझ्या पेशंटबद्दल. तिचं नाव सुनंदा. ती केळीच्या बागांत मजुरीला जाते. तिला ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू झाल्या आहेत आणि तरी प्रेशर उतरत नाही. ही सुनंदा तयार करताना मॅडमनी मला एक गोष्ट विचारली होती, जी मला आजवर कुठल्याच शिक्षकांनी विचारली नव्हती. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडच्या बायका डॉक्टरला काय सांगत नाहीत?"

मी विचार केला आणि मला आमची काकू आठवली. आमचं गाव शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. कोरडवाहू शेती आहे, ती पावसापुरती. बाकी वर्ष बायका गाडीत बसून केळीच्या कामाला जातात, कधी जवळपास, कधी पार यावल-फैजपूरपर्यंत. सकाळची भाकरी तिथंच, बागेच्या बांधावर. तिथला नेम असा की पदरातून जे निघेल ते सगळ्यांचं. चटणी असो, गुळाचा खडा असो, तंबाखू असो. एकटीनं तोंडात टाकलं तर ती बाई कायमची मनातून उतरते. काकूला मागे एकदा कसलीशी गोळी सांगितली होती, 'सकाळी जेवणानंतर'. म्हणजे बांधावर, सगळ्यांसमोर. मग काकू गोळीसुद्धा वाटून खायची. जिचं डोकं दुखेल तिला अर्धी. आणि दवाखान्यात गेली की डॉक्टर विचारायचे, "गोळ्या घेता ना वेळेवर?" ती म्हणायची, "हो." खोटं बोलायचं म्हणून नाही. एवढा मोठा माणूस आपल्यासाठी गोळ्या लिहून देतो, त्याला नाही कसं म्हणायचं? गुण आला नाही म्हणणं म्हणजे त्याला नाव ठेवणं.

मॅडमनी हे सगळं सुनंदाला दिलं. नियम ठरला: सुनंदा सगळ्याला हो म्हणते. 'घेता ना?' हो. 'चुकत नाही ना?' नाही. 'समजलं ना?' हो. पण कुणी तिला 'कशी घेता?' असं विचारलं किंवा 'दाखवा बरं' म्हटलं, तर ती पदराची गाठ सोडते आणि अर्धी गोळी बाहेर काढते. तोवर नाही.

आणि यातून डॉक्टरची चूक कुठे होते तेही सांगते. सुनंदा गोळी घेते असं समजून चाललं, तर प्रेशर का उतरत नाही? उत्तर एकच राहतं, गोळी कमी पडते. मग डॉक्टर जास्त ताकदीची लिहून देतो. तीही वाटली जाते. आणि मग एखाद्या दिवशी ती घाबरून अख्खी घेते, वर अजून एक घेते, आणि चक्कर येऊन बागेत पडते.

मॅडमनी डॉक्टरांचे दोन गट केले होते. पहिला गट आमच्याबरोबर पुन्हा पुन्हा सराव करायचा. सराव संपला की आम्ही भूमिकेतून बाहेर येऊन त्यांना सांगायचं, पेशंट म्हणून आपल्याला काय वाटलं. हे मला फार जड गेलं. मी डॉक्टरला सांगणार? मॅडमनी युक्ती दिली: 'तुम्ही असं केलं' म्हणायचं नाही, 'मला असं वाटलं' म्हणायचं. पहिल्यांदा एका हुशार, भराभर बोलणाऱ्या डॉक्टर मुलीला मी म्हटलं, "तुम्ही लिहीत होतात तेव्हा मला वाटलं, मी उठून जावं का." तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, गेली नोकरी. पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिनं पेन बाजूला ठेवलं होतं आणि हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. मला ती तेव्हा खूप आवडली.

दुसऱ्या गटाला नेहमीसारखी लेक्चरं. त्यांची आमच्याशी गाठ फक्त सुरुवातीला आणि शेवटी, परीक्षेपुरती. त्यांना आम्ही काहीच सांगायचं नाही. काय चुकलं, काय राहिलं, शब्दही नाही. बाहेर भेटले तरी नाही. त्यांनाही सांगितलं, तर सरावाचा खरंच उपयोग झाला की मुलं आपोआपच सुधारली, हे कधी कळणारच नाही. अभ्यास संपला की त्यांनाही सराव द्यायचा, असं ठरलेलं होतं.

डॉक्टर प्रतीक दुसऱ्या गटातले. नांदेडकडचे, उंच, थोडे वाकून चालणारे. पहिल्या परीक्षेत ते माझ्यासमोर बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त घाम होता. त्यांनी सगळं व्यवस्थित विचारलं. "गोळ्या वेळेवर घेता ना ताई?" हो. "काही त्रास?" नाही, बरं आहे. टेबलावरच्या कार्डावर सुनंदाचं प्रेशर लिहिलेलं होतं. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. मग जास्त ताकदीची गोळी लिहिली. उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"ताई, काही सांगायचं राहिलं का?"

सुनंदाचं उत्तर ठरलेलं होतं. "नाही."

"नक्की?"

"हो."

ते दारात उभेच राहिले. काहीतरी राहिलंय हे त्यांना कळलं होतं, कुठल्या बाजूनं विचारावं ते सुचत नव्हतं. मला माझं महाविद्यालयातलं पहिलं वर्ष आठवलं. सर 'काही शंका?' म्हणायचे. शंका असायची, पण ती कुठून धरून उचलायची हेच कळत नसे. बेल वाजली आणि ते गेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी ग्रामीण भागातल्या नेमणुकांची यादी लागली. डॉक्टर प्रतीक शिरपूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात चालले होते. आमच्या गावाला तोच दवाखाना पडतो.

इथं मायचं सांगायला हवं. मागच्या उन्हाळ्यात माय बागेत घड उचलताना बसली ती उठेना. एक हात बधिर झाला होता. थोड्या वेळानं सुटला. दवाखान्यात सांगितलं, प्रेशर आहे, हा इशारा समजा, पुढच्या वेळी लकवा होऊ शकतो, गोळी चुकवायची नाही. तेव्हापासून रोज फोन करून मी विचारायचे, "माय, गोळी घेतली ना?" ती म्हणायची, "लिधी ना माय." मला बरं वाटायचं. काकू वाटून खात असेल, माझी माय तसं करणार नाही, असं मी धरून चालले होते. का ते मला सांगता येणार नाही. कदाचित तिची मुलगी शिकते म्हणून.

यादी पाहून मी मॅडमकडे गेले. विचारलं, "मॅडम, अभ्यास संपेपर्यंत दुसऱ्या गटाच्या पेशंटांचं काय?"

त्या म्हणाल्या, "सध्या सगळीकडचे डॉक्टर दुसऱ्या गटासारखेच शिकून बाहेर पडतात. मीही तशीच शिकले. तो प्रश्न मलाही त्रास देतो. पण उद्या मी सगळीकडे जाऊन म्हणणार की असं शिकवा, तेव्हा लोक विचारणार, कशावरून? 'मला वाटलं' एवढ्यावर कोण वेळापत्रक बदलेल?"

मला पटलं. खरंच पटलं. पण होस्टेलवर गेल्यावर मी मायला दोनदा फोन केला.

सुट्टीत घरी गेले तर मायच्या डोळ्यांखालचा भाग सुजलेला, चालताना भिंतीला हात. मी म्हटलं, दवाखान्यात चल. ती म्हणाली, मजुरी बुडेल. मी म्हटलं, बुडू दे. शेवटी आम्ही दोघी काळीपिवळीत बसून गेलो.

दवाखान्यात गर्दी होती. मोठे डॉक्टर कुठल्याशा शिबिराला गेले होते. आमचा नंबर आला आणि आत गेलो तर टेबलामागे डॉक्टर प्रतीक. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि गोंधळले.

"तुम्ही... सुनंदाताई ना?"

"सुनंदा कोन शे?" मायनं विचारलं.

"मी," मी हळूच म्हटलं. "तुले नंतर सांगस."

"नाव बी बदली टाकं का तिकडे?"

डॉक्टर हसले, पण लगेच सावरले. मायच्या दंडाला पट्टा बांधला, प्रेशर पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. पुन्हा पाहिलं. जुना केसपेपर उलगडला.

"मावशी, गोळ्या वेळेवर घेता ना?"

"लेस ना साहेब. रोज लेस."

"चुकत नाही ना?"

"नही साहेब."

"आणि बरं वाटतं?"

"बरं शे. तुमना गुन शे साहेब."

मी मायच्या शेजारी उभी होते. ती सुनंदाच बोलत होती. शब्द न् शब्द. मी धुळ्यात इतक्या वेळा म्हटलेलं, तेच, त्याच खालच्या मानेनं. फक्त मी म्हणत होते तेव्हा त्यात कुणाचा हात बधिर होत नव्हता. मी रोज फोनवर जे ऐकत होते ते काय होतं, हेही मला तिथं उभं राहून कळलं. मी पण तिला 'घेतली ना?' असंच विचारत होते.

डॉक्टरांनी पेन उचललं. जास्त ताकदीच्या गोळीचं नाव मला पाठ होतं. त्यांनी पहिलं अक्षर लिहिलं आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी तुम्हीही सगळ्याला हो म्हणाला होतात," ते म्हणाले. "मी नंतर खूप विचार केला. काहीतरी राहिलं होतं ना? तिथं तुम्हाला सांगता येत नसेल. इथं सांगा."

काय सांगू? सांगितलं तर मॅडमची इतक्या महिन्यांची मेहनत. नाही सांगितलं तर समोर माय. मला तेव्हा काहीही धाडसाचं सुचलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच.

"मला नका विचारू सर. तिला विचारा."

त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची टेबलाला वळसा घालून ओढत आणली आणि मायच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. माय अंग चोरून मागे सरकली.

"मावशी, गोळ्या आता जवळ आहेत का?"

"शेत ना."

"दाखवा बरं मला. कशी घेता ते दाखवा."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत राहिले. मग तिनं पदराची गाठ सोडली. आत एक चुरगळलेलं पाकीट होतं, एक सुपारी आणि कागदात गुंडाळलेली अर्धी गोळी.

"अर्धी का?"

"अख्खी गरम पडस साहेब."

"आणि दुसरी अर्धी?"

"ती जेठानीले. तिन्हं बी डोकं दुखस." जेठानी म्हणजे मोठी जाऊ, म्हणजे आमची तीच काकू. माय आता जरा घुश्शातच बोलायला लागली. "बठ्ठ्या बाया समोर बसेल ऱ्हातस. भाकर वाटी खातस, नि गोळी एकलीच खाऊ का मी?"

"आणि हे रोज?"

"रोज कशी? जवय गरगरस तवय."

डॉक्टर प्रतीक रागावले नाहीत. 'अहो असं कसं' म्हणाले नाहीत. मला भीती होती की ते आता समजावून सांगायला लागतील, कारण सरावाच्या खोलीत बहुतेक सगळे इथंच भाषण सुरू करतात. त्यांनी ती अर्धी गोळी तळहातावर घेऊन पाहिली. मग म्हणाले,

"सकाळी घरी चहा कोण करतं?"

"मीच करस."

"तेव्हा जवळ कोण असतं?"

"कोन ऱ्हाई? मी नि गॅस."

"मग गोळी तेव्हाच घेतली तर? चहाच्या आधी, पाण्याबरोबर. तिथं कुणी वाटेकरी नाही. ही गोळी जेवणानंतरच घ्यायला हवी असं काही नाही. अख्खी घेतली तरी गरम पडणार नाही, आणि पडली असं वाटलंच तर मला येऊन सांगायचं. आणि जाऊबाईंना घेऊन या. त्यांचं डोकं का दुखतं ते मी वेगळं बघतो. तुमची गोळी त्यांना लागू पडेलच असं नाही."

माय विचारात पडली. "मंग तिले राग तर नही येवाव?"

"त्यांना म्हणा, डॉक्टरनं तुमचं नाव घेऊन बोलावलंय."

हे मायला पसंत पडलं. "लई येसू मी तिले," असं म्हणून तिनं काकूला घेऊन यायचं कबूल केलं. डॉक्टरांनी सगळं तिच्याकडूनच परत म्हणवून घेतलं, चहा, पाणी, अख्खी गोळी. जास्त ताकदीच्या औषधाचं लिहिलेलं अक्षर खोडलं आणि जुनीच गोळी पुन्हा लिहिली. दंडाला पुन्हा पट्टा लावून, थोडा वेळ झोपवून मगच आम्हाला सोडलं.

धुळ्याला परतल्यावर मी नानांना सगळं सांगितलं. नाना म्हणाले, "अगं पोरी, कॅमेरा कुठं होता तिथं? गप्प बस. मॅडमचा अभ्यास बी वाचला, तुझी माय बी वाचली."

मी रात्रभर नाही, पण बसमध्ये अर्धा रस्ता विचार केला होता आणि माझं ठरलं होतं. मी मॅडमकडे गेले. त्यांनी मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. 'मला नका विचारू सर, तिला विचारा.' त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"आमचं सगळं शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं," त्या म्हणाल्या. मग चष्मा परत लावून, "त्याला अभ्यासातून काढावं लागेल. त्याचे शेवटच्या परीक्षेचे गुण धरता येणार नाहीत."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे अर्धं. अर्धं तुझ्या मायमुळे. आणि थोडं त्याचं त्याचं." त्या हसल्या, पण थकून. गट लहान होता, त्यातला एक कमी होणं म्हणजे काय, हे मला एव्हाना कळत होतं. मी विचारलं, माझं काम जाईल का. त्या म्हणाल्या, "येऊन सांगितलंस ना? मग उद्या वेळेवर ये. सुनंदाची साडी इस्त्रीला गेलीय, घेऊन ये."

एक गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती. अभ्यासातून काढल्यावर डॉक्टर प्रतीकना सराव द्यायला आता कुणाची आडकाठी राहिली नाही. ते शिरपूरहून बसनं यायला लागले. पहिल्याच दिवशी मी पुन्हा सुनंदा होऊन बसले. ते आले, खुर्ची ओढून घेतली आणि मध्येच हसायला लागले. मलाही हसू आलं. कॅमेऱ्यामागून मॅडम ओरडल्या, "पहिल्यापासून!"

सराव संपल्यावर, भूमिकेतून बाहेर येऊन बोलायची वेळ आली. इतके महिने साठवून ठेवलेलं मी त्यांना सांगितलं. "पहिल्या परीक्षेच्या दिवशी तुम्ही दारात थांबलात ना सर, तेव्हा मला वाटलं, सुनंदानं तुम्हाला हाक मारावी." ते म्हणाले, "मला पण वाटलं होतं, ती मारेल."

अभ्यासाचा निकाल अजून लागायचा आहे. दोन गटांत फरक निघेल की नाही, हे मॅडमनाही माहीत नाही. जळगावला एका सभेत त्या याबद्दल बोलणार आहेत आणि नानांनी त्यासाठी नवीन धोतर घेतलंय, जरी त्यांना कुणी बोलवलेलं नाही. निकाल काहीही लागला तरी त्यात डॉक्टर प्रतीक कुठेच नसतील. मला त्याचं वाईट वाटतं. मी पाहिलेल्या सगळ्यांत शिकणं ज्याला सर्वांत जास्त हवं होतं, तोच मोजला जाणार नाही.

मी मायला आता 'गोळी घेतली ना?' असं विचारत नाही. सुरुवातीला जीभ वळायची नाही. आता विचारते, "माय, आज सकाळी काय काय केलं, सांग." ती गॅसपासून सुरुवात करते. शेजारची शेळी, पाण्याची वेळ, सगळं येतं, आणि मधे कुठेतरी गोळीही येते. कधी येत नाही, तर मी थांबते. मग तिला आठवतं. काकूला चष्म्याचा नंबर निघाला, तिचं डोकं त्यानं दुखत होतं. मायचं प्रेशर खाली आलंय. किती, ते मी तिला विचारलं तर तिनंच मला समजावून सांगितलं की वरचा आकडा म्हणजे काय आणि खालचा म्हणजे काय. कुठे शिकलीस, म्हटलं. म्हणाली, दवाखान्यात.

परवा फोनवर मी विचारलं, "माय, तो डॉक्टर कसा वाटतो तुले?"

"पोरगा चांगला शे," माय म्हणाली. मग तिनं आवाज खाली केला, जसा शेजारच्या घरातलं दुखणं सांगताना करतात. "पन त्याले काहीच समजत नही बिचाराले. बठ्ठं आपलेच सांगनं पडस. म्हनीसन तर मी दर महिनाले जास."